मैत्री जमायला किती तास लागतात?

जुलै-ऑगस्टमध्ये महाविद्यालयं सुरू झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. कटऑफ, प्रवेशाच्या फेऱ्या, कोणती शाखा घ्यावी हे प्रश्न मागे पडतात. नव्या शहरात, नव्या वर्गात आलेली मुलं-मुली लिहू लागतात आणि त्यांच्या मागोमाग त्यांचे पालकही. या वेळी अशी चार पत्रं निवडली आहेत. पहिल्या पत्रातला प्रश्न मला विशेष आवडला, म्हणून त्याला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : मी उदगीर तालुक्यातला. बारावीपर्यंत तालुक्यातच शिकलो. आता पुण्यात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे, कॉट बेसिसवर राहतो. दीड महिना झाला. वर्गातल्या बऱ्याच जणांची नावं माहीत आहेत, पण ज्याच्याबरोबर निवांत चहाला जावं असं कुणी नाही. बाकीच्यांचे मात्र ग्रुप झालेले दिसतात. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, तेव्हा एकटाच काहीतरी खाऊन खोलीवर येतो. गावी मी कधी कुणाशी मुद्दाम मैत्री केली नाही, ती आपोआप झाली. मग इथेच का होत नाही? मैत्री व्हायला किती वेळ लागतो, हे कुणी मोजलंय का? – एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : मोजलंय. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले प्राध्यापक जेफ्री हॉल यांनी 2018 साली याच प्रश्नावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. नुकतंच गाव बदललेली मोठी माणसं आणि विद्यापीठात नव्याने आलेले विद्यार्थी, अशा दोन्ही प्रकारच्या लोकांना त्यांनी विचारलं : नवी ओळख झालेल्या माणसाबरोबर तुम्ही किती वेळ घालवलात, आणि आता तुमचं नातं कुठवर आलंय? हिशेब असा निघाला, की तोंडओळखीपासून साध्या मैत्रीपर्यंत यायला साधारण 50 तास लागतात. 'हा माझा मित्र' असं मनापासून म्हणायला 90 तासांच्या आसपास लागतात आणि जिवाभावाच्या मैत्रीला 200 तासांहून अधिक. हे आकडे तिकडच्या माणसांचे आणि सरासरीचे आहेत. कुणाशी चार दिवसांत गट्टी जमते, कुणाशी वर्षभरातही जमत नाही. पण त्यामागची गोष्ट उदगीरलाही लागू आहे आणि पुण्यालाही. मैत्री तासांवर उभी राहते.

आता गावच्या मैत्रीचा हिशेब करू. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळेत पहिली ते पाचवीला वर्षाला किमान 800 तास आणि सहावी ते आठवीला किमान 1000 तास शिकवणं झालं पाहिजे. आठवीपर्यंतची बेरीज होते 7000 तास. शिवाय मधल्या सुट्टीतला डबा, शाळेची वाट, संध्याकाळचं क्रिकेट, गणपतीची वर्गणी आणि एकमेकांच्या घरची लग्नं वेगळीच. तुला ती मैत्री 'आपोआप' झाली असं वाटतं, कारण ते तास तुला शोधावे लागले नव्हते. शाळेने, गल्लीने आणि गावाने ते तुझ्या पदरात घातले होते. पुण्यात तो पुरवठा थांबला आहे. दीड महिन्यात तुझे एखाद्या मुलाबरोबर मोकळेपणी किती तास गेले असतील? फार तर आठ-दहा. तेवढ्यात मैत्री झाली नाही, यात तुझं काही चुकलेलं नाही आणि तुझ्यात काही कमीही नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. हॉल यांच्या अभ्यासात नुसत्या कामाच्या किंवा वर्गाच्या निमित्ताने बरोबर गेलेल्या वेळाने नातं फारसं पुढे सरकलं नाही. गप्पा, थट्टामस्करी, खेळ, एकत्र खाणं-फिरणं अशा मोकळ्या वेळाने ते सरकलं. तेव्हा लेक्चरला शेजारी बसण्याचे तास यात फारसे धरू नकोस. मोकळे तास कुठून आणायचे, हाच खरा प्रश्न आहे.

त्यासाठी पहिली जागा मेस. तुला रोज जेवावं लागतंच. मेसवर ताटासाठी थांबण्यापासून हात धुण्यापर्यंत पाऊण तास सहज जातो. रविवारची संध्याकाळ सोडली, तर आठवड्यातून सहा रात्री. एकाच मुलाबरोबर रोज जेवलास तर आठवड्याला साडेचार तास होतात. अकरा आठवड्यांत 50 तास पुरे होतात आणि वीस आठवड्यांत 90. आज सुरुवात केलीस तर दिवाळीच्या सुट्टीच्या सुमारास साधी मैत्री झालेली असेल आणि नवीन वर्ष उजाडेल तेव्हा ती चांगली मुरलेली असेल. त्यासाठी वेगळा खर्च नाही, वेगळा वेळ नाही. फक्त दोन वाक्यं बोलावी लागतील. पहिलं, "मी आठला मेसला जातोय, येतोस का?" आणि जेवण झाल्यावर दुसरं, "उद्या पण आठलाच ना?" बहुतेक जण पहिलं वाक्य कसंबसं बोलतात आणि दुसरं विसरतात. पण दुसऱ्यामुळेच सवय लागते, आणि सवय लागली की रोज नव्याने धीर करावा लागत नाही.

दुसरी जागा प्रयोगशाळा. तू बी.एस्सी.ला आहेस, म्हणजे प्रॅक्टिकल आहेच. आपल्याकडे आडनावाच्या अक्षरावरून रोल नंबर पडतो आणि रोल नंबरावरून बॅच ठरते. मॅडी सेगल या समाजशास्त्रज्ञ संशोधिकेने 1974 साली अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याच्या पोलीस प्रशिक्षणार्थींचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथेही खोल्या आणि वर्गातल्या जागा आडनावाच्या अक्षरांप्रमाणे दिल्या होत्या. पुढे कुणाची कुणाशी मैत्री झाली हे पाहिलं, तर धर्म, वय, आवडीनिवडी यांच्यापेक्षा आडनावाच्या पहिल्या अक्षराचा संबंध जास्त दिसला. पाटील आणि पवार यांची मैत्री अनेकदा हजेरीपटावरच ठरते, ती अशी.

तेव्हा तुझ्या बॅचमधल्या जोडीदाराकडे नीट बघ. रसायनशास्त्राच्या टायट्रेशनला एक जण ब्युरेटची तोटी धरून थेंब थेंब सोडतो आणि दुसरा खाली फ्लास्क गोल हलवत राहतो. फिनॉल्फ्थॅलीनचा फिकट गुलाबी रंग आला, गेला, पुन्हा आला. एक थेंब जास्त पडला की रंग गडद होतो आणि सगळं पहिल्यापासून. रीडिंगं जुळेपर्यंत दोघं एकाच टेबलावर अडकलेले असतात. कामात लक्ष असल्यामुळे काय बोलावं याचं दडपण नसतं आणि मधल्या वाट बघण्यात बोलणं आपसूक होतं. गाव कोणतं, बारावीला कुठे होतास, खोलीचं भाडं किती, मेस कोणती लावलीस. जे लोक समोरासमोर बसून बोलायला बिचकतात, त्यांना अशा हातातल्या कामाचा मोठा आधार होतो. प्रॅक्टिकल संपल्यावर लगेच पांगू नकोस. जर्नल पूर्ण करायचं असतंच, ते त्याच्याबरोबर कॅंटीनमध्ये बसून कर. तासाच्या वेळेचा मोकळा वेळ होतो तो इथेच.

तिसरी गोष्ट अगदी सोपी आहे. वर्गात रोज त्याच जागी बस आणि अभ्यासिकेतही तेच टेबल धर. पिट्सबर्ग विद्यापीठात रिचर्ड मोरलँड आणि स्कॉट बीच यांनी एक प्रयोग केला होता, तो 1992 साली प्रसिद्ध झाला. चार तरुणी विद्यार्थिनी म्हणून एका मोठ्या वर्गात पाठवल्या गेल्या. एक सत्रभरात एकदाही गेली नाही, एक 5 वेळा गेली, एक 10 वेळा आणि एक 15 वेळा. कुणाशी बोलायचं नाही, नुसतं येऊन बसायचं आणि जायचं. सत्राच्या शेवटी वर्गाला चौघींचे फोटो दाखवले. जी जास्त वेळा आली होती, ती जास्त आवडली. नेहमी दिसणारा चेहरा माणसाला बरा वाटू लागतो. म्हणजे ज्या दिवशी तुला कुणाशीही बोलायला जमलं नाही, तो दिवसही वाया गेलेला नसतो. मात्र त्यासाठी वर्गात जावं लागतं. एकटं वाटतं म्हणून लेक्चर बुडवून खोलीवर पडून राहणं हा या दिवसांतला सर्वांत घातक मार्ग आहे.

चौथी जागा म्हणजे एखादा उपक्रम. राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे एन.एस.एस., 1969 साली सुरू झाली. तिच्या स्वयंसेवकाने वर्षाला 120 तास असं दोन वर्षांत 240 तासांचं काम करायचं असतं आणि एखाद्या गावात सात दिवसांचं निवासी शिबिर असतं. त्या शिबिरात पहाटे उठणं, श्रमदान, भाकऱ्या वाढणं, रात्रीचे कार्यक्रम आणि शाळेच्या वर्गखोलीत ओळीने टाकलेल्या सतरंज्या असतात. वर्गात चार महिन्यांत जमणार नाहीत तेवढे मोकळे तास तिथे एका आठवड्यात जमतात. नाटकाची आवड असेल तर पुण्यात पुरुषोत्तम करंडक आहे. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था 1963 पासून ही एकांकिका स्पर्धा घेते. त्यासाठी रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या तालमींना फक्त नट लागत नाहीत. नेपथ्य उचलणारे, प्रकाशाचं बघणारे, प्रॉपर्टी सांभाळणारे, चहा आणणारेही लागतात. "मला अभिनय येत नाही, पण बॅकस्टेजला येऊ का?" असं विचारणाऱ्याला सहसा कुणी नको म्हणत नाही. पैशांची ओढाताण असेल तर 'कमवा आणि शिका' योजनेची चौकशी कर. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात ती कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाने चालते. बागेत, ग्रंथालयात, कार्यालयात बरोबर काम करताना परिस्थिती सारखी असलेली मुलं भेटतात आणि त्यांच्यापुढे काही लपवावं लागत नाही.

बाकीच्यांचे ग्रुप झालेले दिसतात, त्याबद्दल. पहिल्या दोन महिन्यांतले ग्रुप बहुधा सोयीने झालेले असतात. एका क्लासचे, एका शाळेचे, एका बसने येणारे असे. ते बंद दरवाज्याचे नसतात आणि त्यांतले पुष्कळ पहिल्या परीक्षेनंतर मोडून नव्याने जुळतात. त्या घोळक्यात उभं राहून हसणाऱ्यांपैकी कितीतरी जण रात्री खोलीवर जाऊन तुझ्यासारखाच विचार करत असतात.

राहिली रविवारची संध्याकाळ. त्या संध्याकाळी तुझ्यासारख्याच कितीतरी मुलांची मेस बंद असते आणि सगळेच बाहेर कुठेतरी खाणार असतात. दुपारच्या फीस्टलाच विचारून ठेव, "संध्याकाळी कुठे जेवणार? मी पण येतो." आठवड्यात विचारायला सर्वांत सोपी वेळ तीच आहे.

प्रश्न : मी नांदेड जिल्ह्यातून आले. वर्गात "येऊलाले" म्हणाले की दोघी-तिघी हसतात. त्यामुळे मी कमीच बोलते. कुणाशी बोलणं झालं तरी नंतर रात्री वाटत राहतं, की आपण काहीतरी वेड्यासारखं बोललो, तिला आपण आवडलो नाही. हे असं सगळ्यांनाच वाटतं का? – एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : हो, बहुतेकांना वाटतं, आणि बहुतेकांचा तो अंदाज चुकलेला असतो. एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 साली याविषयीचं संशोधन प्रसिद्ध केलं. अनोळखी माणसांच्या जोड्यांना गप्पा मारायला बसवलं आणि नंतर दोघांना वेगवेगळं विचारलं : समोरची व्यक्ती तुला किती आवडली? आणि तिला तू किती आवडली असशील, असं वाटतं? लोकांनी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरासरीने कमी दिलं. प्रत्यक्षात समोरच्याला ते त्यांच्या अंदाजापेक्षा जास्त आवडले होते. वसतिगृहात बरोबर राहणाऱ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांतही ही तफावत दिसली आणि ती कित्येक महिने टिकून राहिली. याचं कारणही समजण्यासारखं आहे. बोलताना आपलं सगळं लक्ष आपल्या चुकांवर असतं. समोरच्याचं लक्षही त्याच्या स्वतःच्या चुकांवरच असतं, तुझ्या नव्हे.

म्हणून रात्री स्वतःची उलटतपासणी घेऊ नकोस. त्याऐवजी त्या मुलीने काय सांगितलं ते आठव. तिच्या बहिणीची परीक्षा आहे, तिला गावी जायला रिझर्व्हेशन मिळालेलं नाही, असं काहीतरी. आणि दोन दिवसांनी विचार, "बहिणीचा पेपर कसा गेला?" आपलं बोलणं कुणी लक्षात ठेवलं, यासारखी जवळीक दुसरी नाही.

बोलीबद्दल स्पष्ट सांगते. तुझी बोली हा तुझा दोष नाही. आईने जी दिली तीच बोल. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत आणि सेमिनारमध्ये प्रमाण मराठी किंवा इंग्रजी लागेल, ती शिकून घे, पण मैत्रिणीशी बोलायला तिची अट नाही. कुणी हसलं तर एकदा शांतपणे सांग, "आमच्याकडे असंच म्हणतात. तुमच्याकडे काय म्हणतात?" ज्यांना नवल वाटलं असेल त्या तिथेच बोलत्या होतील. ज्या मुद्दाम टोमणे मारत राहतील, त्यांच्या मैत्रीवाचून तुझं काही अडत नाही. गप्प राहण्याचा तोटा मात्र फक्त तुझा होतो, कारण न बोलणाऱ्या मुलीला लोक बुजरी न समजता शिष्ट समजतात.

प्रश्न : आम्ही आमच्या जिल्ह्यातली सहा-सात मुलं एकाच ठिकाणी राहतो, एकत्र जेवतो, एकत्र कॉलेजला जातो. एक सर म्हणाले, "असंच राहिलात तर शहरात येऊन काय मिळवलंत?" ते बरोबर आहेत का? आपल्या माणसांत राहणं वाईट आहे का? – एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : वाईट मुळीच नाही. आजारी पडल्यावर दवाखान्यात नेणारं, फी भरायला हजार रुपये उसने देणारं माणूस जवळ असणं ही मोठी गोष्ट आहे. ती सोडू नका. पण तुमच्या सरांचं म्हणणंही मनावर घ्या, कारण तेवढ्यातच थांबलात तर तुमचं खरंच नुकसान होईल.

ज्या दिवशी विद्यार्थी नेहमीपेक्षा जास्त वर्गबंधूंशी बोलतात, त्या दिवशी त्यांना जास्त बरं वाटतं आणि आपण इथलेच आहोत अशी भावना वाढते, असं गिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांना 2014 सालच्या अभ्यासात दिसलं. बोलणं जिवलग मित्राशीच झालं पाहिजे असं नाही. नुसत्या ओळखीच्या माणसाशी झालेल्या दोन वाक्यांनीही फरक पडतो. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख, चांगली मेस, जुन्या प्रश्नपत्रिका, सुट्टीतली इंटर्नशिप या बातम्याही अशा लांबच्या ओळखींतूनच येतात. आपल्या सहा-सात जणांना जे माहीत असतं, ते बहुधा आपल्यालाही माहीत असतंच.

आणि आपल्या महाराष्ट्रात वसतिगृहांना याहून मोठा अर्थ आहे. तुम्ही ज्या कोल्हापुरात शिकता, तिथे राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने 1901 पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी बोर्डिंगं उभी राहिली. खेड्यातल्या मुलांना शहरात शिकायला छप्पर मिळालं ते त्यामुळे. त्याच कोल्हापुरात शिकलेल्या भाऊराव पाटलांनी पुढचं पाऊल टाकलं आणि 1924 साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं एकच बोर्डिंग काढलं. मुलं एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत, एका पंगतीला जेवत. 1927 मध्ये महात्मा गांधी ते पाहायला आले होते. एका पंगतीला जेवणं ही त्या काळी क्रांती होती. आज ती संधी तुम्हाला रोज दोन वेळा मिळते. ती वाया घालवू नका.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. सुरुवातीच्या महिन्यांत राहण्याची जागा त्यांना एकाहून अधिक वेळा बदलावी लागली. शेवटी लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना नावाच्या पारशी विद्यार्थ्याबरोबर ते राहू लागले. दोघांचा धर्म वेगळा, घरची परिस्थिती वेगळी. ती मैत्री जन्मभर टिकली. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनचं अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला बाबासाहेब 1920 साली पुन्हा निघाले, तेव्हा शाहू महाराजांच्या मदतीबरोबर भथेनांनी दिलेलं कर्जही त्यांच्या गाठीला होतं. वसतिगृहात कुणाच्या शेजारची कॉट मिळते यावर पुढे काय काय अवलंबून असेल, हे त्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही.

तेव्हा इतकंच करा. रात्रीचं जेवण तुमच्या जिल्ह्याच्या मुलांबरोबर घ्या आणि दुपारचं वर्गातल्या दुसऱ्या कुणाबरोबर. पुढच्या वेळी खोली बदलायची वेळ आली, तर एक तरी रूम पार्टनर वेगळ्या जिल्ह्याचा, वेगळ्या घरातला निवडा. खोलीतला झाडू, भाडं, रात्रीचा दिवा, मोबाइलचा आवाज याबद्दल मात्र पहिल्याच आठवड्यात बोलून घ्या. चांगल्या रूम पार्टनरांत वितुष्ट येतं ते बहुधा अशाच साध्या गोष्टींवरून, मनात ठेवल्यामुळे.

प्रश्न : माझी मुलगी पहिल्यांदाच घर सोडून शिकायला गेली आहे. फोनवर रोज रडते, "मला परत ने" म्हणते. सीनियर मुली रात्री 'इंट्रो' घेतात असंही एकदा बोलली, पुढे काही सांगितलं नाही. तिला परत आणावं का? – एक आई, चिपळूण

उत्तर : ताई, आधी सीनियर मुलींची गोष्ट, कारण ती लांबणीवर टाकून चालत नाही. नाव-गाव विचारणं, वर्गाची माहिती देणं ही ओळख झाली. रात्री खोलीत बोलावून उभं करणं, गाणं-नाच करायला लावणं, अपमान करणं, कामं सांगणं हे रॅगिंग आहे, मग त्याला कुणी 'इंट्रो' म्हणो. महाराष्ट्रात 1999 पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. गुन्हा शाबीत झाल्यास त्या विद्यार्थ्याला संस्थेतून काढून टाकतात आणि पाच वर्षं दुसरीकडेही प्रवेश देता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2009 चे नियम देशभर लागू आहेत आणि त्यांनुसार प्रत्येक संस्थेत रॅगिंगविरोधी समिती असावी लागते. आयोगाची हेल्पलाइन 1800-180-5522 या क्रमांकावर चोवीस तास चालते. मुलीला रागावू नका, "तू का गेलीस?" असं विचारू नका. नेमकं काय झालं ते शांतपणे ऐका. ते रॅगिंग असेल तर तक्रार त्याच दिवशी लेखी द्या.

आता रडण्याबद्दल. तिथे तसं काही घडलेलं नसेल आणि ही नुसती घरची आठवण असेल, तर ती बहुतेकांना येते आणि बहुतेकांची काही आठवड्यांत कमी होते. हे मुलीला कळणंसुद्धा उपयोगाचं असतं. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नव्या विद्यार्थ्यांना जुन्या विद्यार्थ्यांचे अनुभव वाचायला दिले : सुरुवातीला आम्हालाही इथे परकं वाटलं होतं, हळूहळू ते गेलं. मग त्या विद्यार्थ्यांनी स्वतःच्या अनुभवाबद्दल लिहिलं. सगळं मिळून जेमतेम तासाभराचं काम. त्याचा फायदा, विशेषतः कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या गुणांत, पुढची तीन वर्षं दिसत राहिला. तेव्हा तिला तुमच्या ओळखीच्या, घर सोडून शिकलेल्या एखाद्या मुलीशी बोलायला लावा. सासरी आल्यावर तुमचे पहिले महिने कसे गेले, हेही तिला सांगा. तेही एक नव्या जागी रुजणंच होतं.

फोन रोज करा, पण जेवणाच्या वेळी नको. त्या वेळी तिला मेसमध्ये मुलींबरोबर बसलेलं असू दे. फोनवर "रडलीस का?" याऐवजी "आज कुणाबरोबर जेवलीस?" असं विचारा. लगेचच्या शनिवारी-रविवारी घरी न बोलावता पहिली सुट्टी गणपतीला किंवा दिवाळीला ठरवून टाका. डोळ्यांसमोर तारीख असली की मधले दिवस सोसतात. मात्र झोप उडाली, जेवण तुटलं, अंघोळ-अभ्यास सुटला, "जगण्यात अर्थ नाही" असं बोलणं आलं, तर ती साधी आठवण राहिलेली नाही. अशा वेळी तुम्ही स्वतः तिच्याकडे जा आणि डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेलि-मानस सेवा 14416 या क्रमांकावर मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. त्या परिस्थितीत तिला काही दिवस घरी आणणं म्हणजे हार नव्हे. वर्ष पुन्हा मिळतं.

चारही पत्रं नव्याने आलेल्यांची किंवा त्यांच्या घरच्यांची आहेत, पण शेवटचं सांगणं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या वाचकांना आहे. नव्या मुलाने कितीही धीर केला, तरी त्याच्या 50 तासांना समोर दुसरं कुणीतरी लागतं. तुमचे मित्र जमलेले आहेत, मेसमधलं टेबल ठरलेलं आहे. या आठवड्यात वर्गातला, खोलीतला किंवा बॅचमधला एक नवा चेहरा निवडा आणि त्याला त्या टेबलावर बोलावा. आणि दुसऱ्या दिवशीही बोलावा.